वजन एकदा उलटं करून बघा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, वडीलजन आणि कमिटीचे सभासद यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

मी उपदेशक नाही. वजनकाटे दुरुस्त करणं हा आमचा धंदा, आणि त्यातली माझी तिसरी पिढी. आजोबांच्या काळात शेराची वजनं जाऊन किलोची आली, तेव्हा रविवार पेठेतले व्यापारी जुनी वजनं पोत्यात भरून आमच्या दारात टाकून जायचे, असं वडील सांगत. आता बहुतेक काम इलेक्ट्रॉनिक काट्यांचं. तरी भाजीवाल्या बायका, मटणवाले, खेड्यातले किराणावाले शिक्क्याची मुदत संपत आली की लोखंडी वजनं घेऊन अजून येतात.

मागच्या महिन्यात तुमच्यातलेच एक वडील, म्हणजे मंडळीचे एल्डर, आले. बाहेरच्या एका गावात त्यांचं छोटं दुकान आहे. पिशवीतून तीन वजनं काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि त्यांच्याच शेजारी एक हँडबिल ठेवलं. तीन संध्याकाळची जागृती सभा, विषय 'पवित्र जीवन', वक्ते बाहेरचे, शेवटच्या दिवशी प्रीतिभोजन. "तुम्ही पहिल्या दिवशी प्रार्थना करा," म्हणाले. मी हो म्हणत म्हणत दोन किलोचं वजन काट्यावर टाकलं. साठ ग्रॅम कमी भरलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि ते शिशानं भरलेलं असतं. वजन नेमकं करायचं ते त्या शिशातच कमी-जास्त करून. सरकारी शिक्काही त्याच मऊ शिशावर बसतो. मी वजन उलटं केलं. शिसं नव्हतंच. कधीतरी निखळून पडलं असणार. भोकात धूळ साचली होती आणि गुळाचा काळा चिकटा घट्ट बसला होता, म्हणजे पडूनही बरेच दिवस झालेले. वडिलांचा चेहरा उतरला. "मी कुणाला फसवलं नाही हो," म्हणाले. खरं होतं ते. मी त्यांना वीस-बावीस वर्षं ओळखतो, खोटं बोलणारा माणूस नव्हे. पण शंभर गिऱ्हाइकांना त्या वजनानं साखर तोलली असेल तर सहा किलो साखर त्यांच्या दुकानात राहिली, आणि तीही प्रामाणिक माणसाच्या दुकानात. दिवसातून पन्नास वेळा हातात धरायचं वजन त्यांनी कधी उलटं करून बघितलं नव्हतं.

सभेत प्रार्थना करायचं मी टाळलं, त्याऐवजी पत्र लिहितो म्हणालो. तेच हे.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. वजन घटायला चोर लागत नाही. लोखंड गंजतं आणि गंजाचे पापुद्रे उडतात. फरशीवर आपटून कडा झिजतात. रोजच्या वापरानंच ते हलकं होत जातं, आणि ज्याच्या हातात असतं त्याला तर अजिबात कळत नाही, कारण हाताला सवय झालेली असते. पॅरिसजवळ सेव्र इथं १८८९ पासून साऱ्या जगाचा मूळ किलो काचेच्या घंटेखाली जपून ठेवला होता. त्याला बाजार नाही, गिऱ्हाईक नाही, तरी शंभर वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. शेवटी २०१९ साली किलोची व्याख्याच त्या तुकड्यावरून काढून निसर्गाच्या एका स्थिरांकावर बसवावी लागली. काचेखालच्या किलोची ही गत, तर शनिवार खुटावरच्या किलोचं काय सांगायचं! म्हणून कायदा लोखंडी वजनावर एकदा शिक्का मारून मोकळा होत नाही. दर चोवीस महिन्यांनी वजनं आणि दर बारा महिन्यांनी इलेक्ट्रॉनिक काटे पुन्हा तपासायला आणावे लागतात. आणलेले सगळे चोर असतात म्हणून नव्हे.

आता आपल्याकडे या. लंडन मिशनचे लोक १८२० साली बेळगावात आले. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली याच गावात जन्मले, १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही इथलाच. पुढे काम मेथडिस्टांकडे आलं, शाळा झाल्या, मंडळ्या झाल्या. पाहुणे आले की आपण हे सगळं छाती फुगवून सांगतो, मीही सांगतो. पण वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर शिक्क्यावरचं वर्ष बघतो. 'माझ्या आजाच्या वजनावर शिक्का होता' असं सांगून त्याच्याकडून सुटका होत नाही.

पवित्र शास्त्रात वजनांविषयी किती लिहिलं आहे, हे मला धंद्यामुळे लवकर दिसलं. पिशवीत दोन तऱ्हेची वजनं बाळगू नका, असं अनुवाद नावाच्या पुस्तकात आहे. नीतिसूत्रांत खोटी तागडी देवाला ओंगळ वाटते. दानिएलात तर राजालाच तागडीत घालून उणा ठरवलंय. पण मला बोचतो तो आमोस संदेष्टा. त्याच्या काळचे व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, मोडत नव्हते, नीट पाळत होते. फक्त मनात घोळवत होते की हा दिवस संपतो कधी, म्हणजे माप लहान करू, नाणं जड करू आणि खोट्या काट्यानं धान्य विकू. देवळात बसलेला माणूस आणि दुकानात बसलेला माणूस एकच, आणि मध्ये फक्त एक सूर्यास्त.

तो माणूस मी आहे, हेही आता लिहून टाकतो. १९९० च्या आसपासची गोष्ट, मी पंचविशीत होतो. निपाणीकडच्या एका तंबाखूच्या वखारीतला प्लॅटफॉर्म काटा अडकत होता म्हणून मला बोलावलं. पेटी उघडली. दांडीच्या टोकाला आतल्या बाजूनं लोखंडाचा एक तुकडा तारेनं बांधलेला होता. त्यानं काय होतं ते मला एका नजरेत कळलं. प्रत्येक वजनाला शेतकऱ्याचा जवळजवळ दीड किलो तंबाखू गायब होत होता, वर कडता, म्हणजे व्यापाऱ्यानं वजनातून कापून घ्यायची सूट, वेगळाच. मुनीम म्हणाला, "तेवढं तसंच राहू दे, मिस्त्री." मी धूळ झाडली, दांडी जिच्यावर डोलते त्या सुरीच्या धारा पुसल्या, तेल घातलं आणि तो तुकडा होता तसा परत बांधला. शंभर रुपयांच्या कामाचे तीनशे मिळाले. त्याच निपाणीत १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले होते, गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. येताना एसटीत माझ्या शेजारी एक तंबाखूवालाच बसला होता. त्याच्या बोटांना तो वास होता. मी खिडकीबाहेर बघत आलो.

त्या रविवारी अर्पणाची पिशवी फिरवायची पाळी माझी होती. फिरवली.

त्या वर्षात मी दोन जागृती सभांना गेलो. दोन्ही वेळा पुढे जाऊन हात वर केला. डोळ्यांतलं पाणी खरं होतं, नाटक नव्हतं. पण त्या पाण्यानं वखारीतली तार सुटली नाही. सभेत वक्त्यानं 'तुमच्यात पाप आहे का' असं विचारलं, तेव्हा आम्ही दोनशे जण मिळून 'हो' म्हणालो. दोनशे जणांत 'हो' म्हणणं सोपं असतं. तुमच्यापैकी कुणी मंगळवारी दुकानात येऊन, चहा पीत, "काय रे, निपाणीचं काम कसं झालं?" असं विचारलं असतं तर? पहिल्यांदा मी खोटं बोललो असतो, हे नक्की. पुढच्या मंगळवारी परत विचारलं असतं तर मात्र ते मला निभावलं नसतं.

कुणी विचारलं नाही. आपल्याकडे विचारायची पद्धतच नाही.

आपण काय विचारतो ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या चाळीस वर्षांत मंडळीनं कुणाला शिस्त लावली असेल तर ती दारूसाठी, नाहीतर पोरानं किंवा पोरीनं बाहेर लग्न केलं म्हणून. पगार थकवला म्हणून कुणाला प्रभुभोजनापासून थांबवल्याचं मी ऐकलेलं नाही. एका मंडळीत नव्या फरश्या बसल्या, साउंड सिस्टिम आली, भिंतीवर मोठा पडदा लागला आणि तिथल्याच शिपायाचा आठ महिन्यांचा पगार बाकी. तो शिपाई माझ्याकडे त्याच्या सासऱ्याची पितळी तागडी विकायला आला म्हणून मला कळलं. विकत घेतली नाही, पैसे दिले. हे मोठेपणासाठी सांगत नाही, कारण मी त्या कमिटीतल्या दोघांना ओळखतो आणि त्यांना अजून काही बोललो नाही. मजुराची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब लिहितो. साउंड सिस्टिम चांगली असली की ऐकू येत नाही, एवढंच.

मिशन कंपाउंडच्या जागांवरून चाललेल्या केसेसबद्दल मी लिहीत नाही. कोर्टाच्या आवारात एका बाकावर पाळक आणि समोरच्या बाकावर वडील, हे दृश्य तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. भावाभावांच्या कोर्टकचेरीवरून करिंथकरांना पौलानं काय विचारलं तेही तुम्हाला पाठ आहे.

पण एक नोव्हेंबरबद्दल, कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या आणि आपल्या काळ्या दिनाच्या त्या दिवसाबद्दल, लिहितोच. आपल्या भागात तो दिवस कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून समजत नाही. एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या रस्त्यावर काळ्या फिती, मध्ये पोलीस. आणि चर्चच्या कॅलेंडरात तोच दिवस सर्व संतांचा! माझं मन कुठल्या रस्त्यावर आहे ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मी माफी मागत नाही. मराठीतच मी प्रार्थना शिकलो, मरतानाही मराठीतच करीन. पण काही वर्षांपूर्वी त्या आठवड्यातल्या रविवारी एका देवळात सकाळी कन्नड उपासना होती आणि नंतर मराठी. कन्नड मंडळी आली तेव्हा पेटीला कुलूप. किल्ली सापडेना. त्यांनी पेटीविना गाणी म्हटली. आमच्या उपासनेच्या वेळी किल्ली बरोबर सापडली. कुलूप मी लावलं नव्हतं. पण किल्ली कुणाच्या खिशात आहे ते आम्हा चार-पाच जणांना माहीत होतं, आणि आम्ही कपाटं उघडून, सतरंज्या उचलून ती शोधल्याचं नाटक केलं. कन्नड मंडळीतली एक म्हातारी अक्काही आमच्याबरोबर वाकून वाकून बाकांखाली शोधत होती. ती मला अजून दिसते. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे. पेटीचा प्रश्न आमच्या खिशात होता.

डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. तेव्हा आपण प्रार्थना सभा घेतल्या, निवेदनं दिली. ते करायलाच हवं होतं. पण त्या दिवसांत माझ्या शेजारच्या दुकानदारानं मला विचारलं ते विधेयकाबद्दल नव्हतं. "तुमच्या चर्चच्या त्या अमक्याकडं माझी दीड वर्षाची उधारी आहे, तो देणार काय हो?" असं विचारलं त्यानं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता माझं म्हणणं. सभा घेऊ नका असं मी म्हणत नाही. मंडप घाला, वक्ते बोलवा, प्रीतिभोजनाला मी कांदे चिरायला येईन. पण सभेनं चारित्र्य घडतं ही समजूत सोडा. पौल तरुण तीमथ्याला सुभक्तीची कसरत कर म्हणतो. बेळगावच्या माणसाला कसरत म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. तालमीत पोरगा रोज पहाटे जातो. वस्ताद रोज बघतो, पाय कुठं पडतो, कंबर कुठं ढिली पडते. वर्षातून तीन दिवस मंडप घालून मल्ल घडल्याचं आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही.

आणि यासाठी बाहेरून काही आणायचीही गरज नाही. आपण मेथडिस्ट म्हणवतो, तर आपल्याच घरातली जुनी गोष्ट आहे. ब्रिस्टलमधल्या प्रार्थनाघरावर कर्ज होतं. ते फेडायला १७४२ साली कॅप्टन फॉय नावाच्या माणसानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. बारा-बारा जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्यानं घरोघर जाऊन पेनी गोळा करायची ठरलं. घरोघर गेल्यावर पुढाऱ्यांना पेनीशिवायही बरंच काही दिसलं. कुणाच्या घरात भांडण, कुणाचं वागणं सभासदाला न शोभणारं. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली, त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. तिथून क्लास मीटिंग सुरू झाली. दर आठवड्याला दहा-बारा जणांनी बसायचं आणि आत्म्याचं कसं चाललंय ते एकमेकांना विचारायचं. कर्जवसुलीतून निघालेली गोष्ट आहे ही, म्हणून मला ती जास्त पटते. पैशाचा हिशेब आणि वागण्याचा हिशेब एकाच उंबऱ्यावर भेटले.

हे मी घरी सांगितलं तर बायको हसली. म्हणाली, "आमच्या बचत गटात हेच तर चालतंय की." खरंच आहे. त्यांच्या गटात पंधरा बायका. दर आठवड्याला बसतात. कुणाचा हप्ता चुकला की सगळ्यांसमोर विचारतात, का चुकला. नवरा आजारी असेल तर दोघी दुसऱ्या दिवशी भाकरी-कालवण घेऊन जातात. नवरा पीत असेल तर तेही कळतं, आणि मग चौघी जातात. आमच्या मंडळीच्या कमिटीला सभासदांविषयी जेवढं माहीत नाही तेवढं त्या पंधराजणींना एकमेकींविषयी माहीत आहे, आणि गेल्या नऊ वर्षांत गट फुटलेला नाही. कमिटीचं मी काही बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, बेळगावात हे जमायचं नाही. सकाळी गटात बोललेलं संध्याकाळी खडे बाजारात पोचतं. ही भीती खरी आहे. मलाही आहे. म्हणून मी पापांची कबुली देणारे गट मागत नाही, ते पाळकसाहेबांपाशी असू द्या. मी साधं मागतो. पाच-सहा घरांनी दर पंधरवड्याला एका घरी बसावं, चहापेक्षा जास्त काही करू नये. कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत, कुणाला शब्द दिला होता आणि पाळला नाही, कामवालीचा पगार किती आणि कधी दिला, कुणाशी बोलणं बंद आहे, एवढंच विचारावं. यात लपवण्यासारखं काही नसतं. शेजाऱ्यांना ते आधीच ठाऊक असतं, फक्त मंडळीला नसतं. आणि पुढच्या वेळी तेच परत विचारावं. परत विचारणं विसरलात तर सगळं वाया.

पहिला गट कमिटीचाच असावा. ज्याच्या हातात तपासायची वजनं असतात त्याचीही तपासणी होते. आमच्या इन्स्पेक्टराची वजनंसुद्धा वरच्या प्रयोगशाळेत जाऊन येतात, तोवर त्यांना आमच्या वजनाला हात लावता येत नाही. तर पहिल्या बैठकीत शिपायाच्या पगाराचा विषय घ्या. दुसऱ्या बैठकीला कन्नड मंडळीच्या वडिलांना चहाला बोलवा आणि पेटीची एक किल्ली त्यांच्या हातात द्या. किल्ली कुणाकडे आहे ते मी सांगीन.

अगदी शुद्ध कुणी निघणार नाही. कायदासुद्धा थोडी चूक धरूनच चालतो. ती किती चालेल ते ठरलेलं असतं आणि त्यापलीकडे गेलं की दुरुस्तीला पाठवतात. दुरुस्त होण्याजोगं वजन आम्ही भंगारात टाकत नाही. शिसं वितळवून भोकात ओततो, थंड झाल्यावर कानशीनं घासत घासत नेमकं करतो. अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी वजन आधी कुणीतरी दुकानापर्यंत आणावं लागतं.

माझ्या तीनशे रुपयांचं काय करायचं, हे मला पस्तीस वर्षांत सुचलेलं नाही. ती वखार बंद पडली, मुनीम वारला, शेतकरी कोण कोण होते हे कुणालाच माहीत नाही. शास्त्रातल्या जकातदार जक्कयानं चौपट परत केलं, पण त्याला माणसं ठाऊक होती. पहिला गट भरेल तेव्हा मी हाच प्रश्न घेऊन येईन. तुम्हाला काही सुचलं तर बघा.

त्या वडिलांचं दोन किलोचं वजन तयार आहे, नवा शिक्का मारून आणलाय. शिशाचे आणि शिक्क्याच्या फीचे एकशे चाळीस रुपये होतात. दुकान सकाळी दहा ते संध्याकाळी सात, रविवारी बंद.

आपला,
वजनकाटे दुरुस्त करणारा एक सभासद, बेळगाव